सही चालते तोवर

दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी बँकेच्या रांगेत उभी राहतात. हयातीचा दाखला द्यायला. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, तरी रांगा लागतातच. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा लिहून द्यायचं, सही करायची, घरी यायचं. चुकत नाही कोणी. पण जिवंत आहोत आणि डोकं चालत नाही, अशी वेळ आली तर आपल्या वतीने कोण काय करील, याचा एखादा कागद त्या रांगेतल्या किती जणांच्या कपाटात असेल?

मी उंटावरून शेळ्या हाकत नाही. आमच्या घरात घडलंय.

माझ्या मावशीचे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. हिशेबाला चोख माणूस. पासबुक दर महिन्याला भरून आणायचे, ठेवींच्या पावत्या तारखेवार लावून रेक्झिनच्या बॅगेत ठेवायचे. सगळं एकट्याच्या नावावर. मावशीला बँकेचे हेलपाटे नकोत, एवढाच हेतू. प्रत्येक पावतीवर नॉमिनी म्हणून मावशीचं नाव होतं, त्यामुळे बायकोची सोय केलीय अशी त्यांची पक्की खात्री. एकाहत्तराव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि समज गेली.

दवाखान्याचं बिल भरायला ठेव मोडायची होती. बँक म्हणाली, त्यांची सही लागेल. सही होत नाही म्हटल्यावर पुढचा मार्गही बँकेनेच सांगितला. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत तशा: आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो, हाताचा जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचाही. दोन ओळखीचे साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अधिकारी घरी आला. तिशीतला मुलगा, बूट दाराबाहेर काढून आत आला. पलंगाजवळ स्टूल ओढून बसला, शाईचं पॅड उघडलं, फॉर्म समोर धरला आणि विचारलं, "काका, हे पैसे कशासाठी काढतोय आपण, सांगता का?"

काकांनी पॅडकडे पाहिलं. डाव्या हाताचं बोट शाईवर टेकवलं आणि कपाळाला लावलं. रोज आंघोळ झाल्यावर गंध लावायचे, तसं.

मुलाने पॅडचं झाकण बंद केलं. "मावशी, मला नाही घेता येणार हा अंगठा," एवढंच म्हणाला. मावशीने ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. निळा ठिपका दोन दिवस तसाच होता.

तो मुलगा चुकला नव्हता. हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. हात चालत नसेल तर अंगठा चालतो. डोकं चालत नसेल तर काहीच चालत नाही. तसं नसतं तर बेशुद्ध म्हाताऱ्यांचे अंगठे कोऱ्या स्टॅम्पपेपरवर उठवून घरं बळकावणाऱ्यांना रान मोकळं मिळालं असतं. गावोगाव असे कागद निघतात आणि त्यांचे दावे वर्षानुवर्षं चालतात. बँकेने अंगठा नाकारला तो काकांच्याच बाजूने नाकारला.

काका त्यानंतर तीन वर्षं जगले. पेन्शन एटीएममधून निघायची, कारण पिन मावशीला ठाऊक होता. हे नियमात बसत नाही, घरोघरी मात्र असंच चालतं. बाकीच्याला मावशीच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, माझ्या मामांकडून उसने आले. ठेवींवर व्याज चढत राहिलं. काका गेले तेव्हा मावशीने मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचा अर्ज दिला, आणि पंधरवड्याच्या आत सगळे पैसे तिच्या खात्यावर आले. नवरा असताना त्याच्या औषधाला जे मिळालं नाही ते तो गेल्यावर पंधरा दिवसांत मिळालं.

नॉमिनेशनचं काम खातेदार गेल्यावर सुरू होतं. तो अंथरुणावर असेपर्यंत नॉमिनीला कवडीचाही अधिकार नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. लावा, चांगलंच आहे. पण चार असोत की एक, खातेदाराचा श्वास चालू असेपर्यंत चौघेही काउंटरच्या अलीकडेच उभे.

आणि तो गेल्यावरही नॉमिनी म्हणजे मालक असं समजू नका. पैसे घ्यायचे आणि खऱ्या वारसांना द्यायचे, साधारणपणे एवढंच त्याचं काम. कालनिर्णयकार जयंत साळगावकरांच्या गुंतवणुकीवरून उभा राहिलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने शेअर्सबाबतही हेच सांगितलं. सोसायटीतल्या फ्लॅटचंही तेच. महाराष्ट्रात नॉमिनीला हंगामी सभासद करून घेतात. मालकी ठरते ती वारसा कायद्याने, नाहीतर मृत्युपत्राने.

आता दुसरा भ्रम, आणि हा शिकलेल्या घरांत जास्त. "बाबांची पॉवर ऑफ अॅटर्नी आहे माझ्याकडे." न्यू जर्सीत राहणारा मुलगा हे सांगतो तेव्हा त्याच्या आवाजात निश्चिंती असते. अमेरिकेत ती रास्त आहे. तिथे समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आणि नेमकं त्याच वेळेसाठी लोक ते करतात. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने तशीच सोय केली. भारतात ती नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की मुखत्यारपत्र देणारा मेला किंवा त्याची समज गेली, की मुखत्यारी संपली. म्हणजे बाबा धडधाकट असून बँकेत जायचा कंटाळा करतात तोवर हा कागद चालतो, आणि बाबांना त्याची खरी गरज पडते त्या दिवशी तो रद्द होतो. मुलगा विमानात बसून येतो, फाइल उघडतो, आणि वकील त्याला हे सांगतो. पुण्या-मुंबईत असे किती मुलगे-मुली सुन्न होऊन वकिलाच्या जिन्यावरून उतरले असतील!

मग करायचं काय? न्यायालयात जायचं. पण कुठल्या? १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमायची तरतूद होती, जिल्हा न्यायालयातून. तो कायदा रद्द होऊन २०१७ चा आला. नवा कायदा रुग्णाच्या हक्कांबाबत फार चांगला आहे, पण मालमत्तेचं ते प्रकरण त्यात आलंच नाही. दार काढलं आणि भिंत बांधली. तेव्हापासून कोमात गेलेल्या माणसाची बायको संविधानाच्या कलम २२६ खाली थेट उच्च न्यायालयात जाते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली अशा नेमणुकीसाठी सूचना घालून दिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली कोमातल्या नवऱ्याची पालक म्हणून त्याच्या बायकोला नेमलं. न्यायाधीशांनी माणुसकीने वाट काढली, त्यांचे उपकार आहेत. पण चंदगडच्या किंवा चिखलदऱ्याच्या बाईने नवऱ्याची ठेव मोडायला उच्च न्यायालय गाठायचं, ही रीत झाली का?

आम्ही मावशीला हा मार्ग सांगितला होता. ती म्हणाली, "ह्यांना कळत नाही हे मी कोर्टात शपथेवर सांगू? ह्यांच्याच विरुद्ध?" ती गेली नाही. तिच्या मनाची ती अडचण मला वकिलाच्या फीपेक्षा मोठी वाटते.

संसदेने करार कायद्यात दुरुस्ती करून टिकाऊ मुखत्यारपत्र आणावं. गैरवापर होईल म्हणून भीती घालतात. मग नोंदणी सक्तीची करा, दोन मुखत्यार नेमायला लावा, वर्षाला हिशेब मागा. इतर देशांनी केलंय. आपल्याकडे म्हातारी माणसं वाढत चाललीत, स्मृतिभ्रंश घरोघरी पोहोचलाय आणि नियम दीडशे वर्षांपूर्वीचा. खासदार मतं मागायला येतील तेव्हा त्यांना हे विचारा.

तोवर आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे, आणि बरंचसं फुकट आहे.

खातं दोघांच्या नावावर करा आणि व्यवहाराची सूचना 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' अशी द्या. दोघांपैकी कोणीही. फॉर्मवरची ती छोटी चौकट नीट बघा, कारण तिथे 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'वर खूण पडली तर पहिल्या नावाचा माणूस असेपर्यंत दुसऱ्याला हात लावता येत नाही. ठेवींबाबत आणखी एक खाच आहे. मुदत पूर्ण झाल्यावर एकाच्या सहीने पैसे मिळतात, पण मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या मागितल्या जाऊ शकतात. म्हणजे पुन्हा तोच पलंग, तेच शाईचं पॅड. ठेव ठेवतानाच बँकेला विचारा, एकाच्या सहीने मोडता येईल असं आधी लिहून देता येतं का. लॉकरही दोघांच्या नावावर. ज्यांचं कोणी नाही किंवा ज्यांना आयुष्यभर सांभाळावं लागणारं अपत्य आहे त्यांनी खासगी ट्रस्टचा विचार करावा. त्याला खर्च आहे, चांगला वकील लागतो, पण ट्रस्ट करणाऱ्याची समज गेली म्हणून ट्रस्ट बंद पडत नाही.

मुलं म्हणतात, घर आताच आमच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका, कटकट मिटेल. एजंटही हेच सांगतात, स्टॅम्प ड्युटीही फार लागत नाही. करू नका. ज्याच्या नावावर घर नाही त्याला म्हातारपणी कोपरा मिळेलच याची खात्री कोणी देत नाही. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं आणि अट मोडलेलं बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्यासाठीच आहे. पण ऐंशीव्या वर्षी पोटच्या पोराविरुद्ध प्रांतांसमोर उभं राहायची पाळी कोणावर येऊ नये. आपल्या हयातीत आपलं आपल्याकडे, आपल्यामागे ज्याला द्यायचं त्याला. त्यासाठी मृत्युपत्र आहे.

मृत्युपत्राला साधा कागद पुरतो. स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन करावी, फी नाममात्र आहे आणि पुढे कोणी 'ही सहीच बाबांची नाही' म्हणाला तर उपयोग होतो. दोन साक्षीदार लागतात, मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिलेलं असलं तरीही. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. कायद्याची मुख्य अट एकच: लिहिताना समज शाबूत हवी. म्हणून त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फार उशिरा कळते. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं म्हणजे त्याच दिवशी दार बंद झालं असं नाही. सुरुवातीच्या काळात माणसाला आपली माणसं कळतात, घर कळतं, कोणाला काय द्यायचं तेही कळतं. समज असलेल्या अवस्थेत केलेलं मृत्युपत्र कायदा मानतो. निदानाचा कागद हातात पडला की घरचे आधी औषधांच्या मागे लागतात, मग जप, मग दुसरं मत. त्याच आठवड्यात वकिलालाही बोलवा. बाबांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका. त्यांना विचारायचं राहून गेलं तर त्यापेक्षा जास्त वाईट वाटावं असंच ते आहे.

पैशाचं एवढं पुरे. शरीराचं काय?

केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. ती १८ मे २०१५ रोजी गेली. मधली एकेचाळीस वर्षं ती त्याच रुग्णालयात एका खाटेवर होती. पिंकी विराणी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिला जाऊ द्या म्हणाल्या. केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला. त्यांनी तिला सांभाळलं होतं, इतकं सांभाळलं होतं की अंगाला जखम होऊ दिली नव्हती. २०११ साली न्यायालयाने परिचारिकांचं म्हणणं मानलं. दोन्ही बाजूंना तिच्याबद्दल माया होती. तिला स्वतःला काय हवं होतं, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. पंचविशीतल्या मुलीला हे कोण विचारणार, आणि त्या काळी तसा कागदही नव्हता.

आता आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली. बरं होण्याची आशा उरली नाही तर मला व्हेंटिलेटरवर ठेवा किंवा ठेवू नका, नळ्या घाला किंवा काढा, हे आधीच लिहून ठेवायचं. त्यातली अट इतकी जाचक होती की लोक फिरकले नाहीत: न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. निर्णय घ्यायला एकाहून जास्त जवळच्या माणसांची नावं त्यात लिहिता येतात. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं. आणि कागद आहे म्हणून कोणी घाईने नळी काढत नाही. आधी डॉक्टरांची एक समिती, मग दुसरी, असं दोनदा तपासलं जातं.

हा कागद स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे जपून ठेवायचा, असंही न्यायालयाने सांगितलं होतं. पण असा अधिकारीच नेमलेला नव्हता. मुंबईचे डॉ. निखिल दातार यासाठी उच्च न्यायालयात गेले, आणि मग राज्याने चारशेहून अधिक कस्टोडियन नेमले. गोव्यात २०२४ साली न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा कागद करून सुरुवात करून दिली. एक न्यायाधीश स्वतःच्या मरणाबद्दल चारचौघांत लिहून देतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या घरात हा विषय काढला की उत्तर ठरलेलं. शुभ बोल रे. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. मरणाचा विषय म्हणून बायका हात जोडतात आणि पुरुष पेपर वर धरतात. पण हा विषय मरणाचा नाहीच. तो जगण्याचा आहे, अंथरुणावरच्या तीन, पाच, दहा वर्षांच्या जगण्याचा. त्या वर्षांत ज्याची समज गेली त्याला काही कळत नाही. कळतं ते उशाशी बसलेल्या बाईला. आयुष्यभर जिला 'तुला काय करायचंय त्यातलं' म्हणून बँकेपासून लांब ठेवलं, तिलाच एका सकाळी सगळं करायचं असतं, आणि तेव्हा तिच्या सहीला किंमत नसते. घरातल्या कर्त्या पुरुषांनो, ही सोय नव्हे. तुमच्या मायेबद्दल शंका नाही, पण ही सोय नव्हे.

मावशी आता अठ्ठ्याहत्तरची आहे. काकांचं वर्षश्राद्ध झाल्यावर तिने स्वतःची खाती मुलीसोबत जोडून घेतली, मृत्युपत्र नोंदवलं आणि लिव्हिंग विलवर नोटरीसमोर सही केली. तिन्ही कागद त्याच रेक्झिनच्या बॅगेत आहेत, आणि बॅग कुठे आहे ते तिच्या दोन्ही मुलांना ठाऊक आहे. सगळं मिळून तिला चार चकरा पडल्या.

तुम्हीही जा. हयातीचा दाखला देता त्याच बँकेत, जोडनावाचा फॉर्म फुकट मिळतो. बायकोला बरोबर न्या, सही तिचीही लागेल. आणि त्यासाठी नोव्हेंबरची वाट पाहू नका.